जुनें देऊन नवें

घरांतील तांब्यापितळेचीं भांडीं चिरलीं किंवा त्यांस पोंचे आले म्हणजे तीं पोत्यांत घालून नगरच्या पेठेंत नेण्याचा प्रघात आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. दुकानदार तीं काट्यावर घालतो, मोडीचा भाव सांगतो, घट धरतो, आणि जी रक्कम येईल ती नव्या भांड्याच्या किंमतींतून वजा करितो. या व्यवहारांत घरची वडील बाई दोन गोष्टींविषयीं फार दक्ष असते. मोडीचा भाव आणि नव्याचा भाव तिला निरनिराळा कळला पाहिजे. दुकानदार दोन्ही एकत्र करून ‘वर एवढे द्या’ असें म्हणाला कीं ती पोतें उचलून शेजारच्या दुकानीं जाते. दुसरें असें कीं, पोत्यांत काय घालावयाचें आणि काय नाहीं हें घरीं आधींच ठरलेलें असतें. आजीचा हंडा गळका असला तरी मोडींत जात नाहीं. आणि धाकट्या मुलीच्या संसाराला चालण्याजोगी एखादी परात असली तर ती दुकानाची वाट न धरतां तिच्या सासरची वाट धरते. असें करण्यांत चार पैशांचें नुकसान आहे हें त्या बाईस ठाऊक असतें.

हाच व्यवहार सरकार करूं लागलें म्हणजे ही घरगुती दक्षता कोठें जाते, असा प्रश्न आम्हांस गेल्या कांहीं महिन्यांत पडला आहे.

सरकारी प्रयोगशाळेस जुनें यंत्र बदलून नवें घेतांना जुनें विक्रेत्यास देण्याची मुभा आहे. कचेरींत यास ‘बायबॅक’ म्हणतात. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) १७६ वा नियम याच विषयाचा आहे. जुन्या वस्तूच्या जागीं नवी व अधिक चांगली वस्तु घेण्याचें सक्षम अधिकाऱ्यानें ठरविलें, तर नवी घेतेवेळीं जुनी मोबदल्यांत देतां येते. तसें कलम निविदेंत आधीं घालावें लागतें. जुनी वस्तु केव्हां व कोणत्या रीतीनें ताब्यांत द्यावयाची हेंहि तींत लिहावें लागतें. आणि ती द्यावयाची कीं न द्यावयाची हें खरेदीदारास शेवटपर्यंत ठरवितां येईल अशी सोय ठेवावी लागते. हें शेवटचें वाक्य नियमाच्या शेपटाशीं असल्यामुळें कोणी फारसें वाचीत नाहीं. आमच्या मतें सर्व नियमाचा जीव त्यांतच आहे.

नगर जिल्हा, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा, म्हटला कीं ऊंस आणि साखर एवढेंच लोकांच्या डोळ्यांपुढें येतें. परंतु प्रयोगशाळांच्या बाबतींत हा जिल्हा दरिद्री नाहीं. शहराबाहेर वाहननगर येथें संरक्षण खात्याची वाहनांच्या संशोधनाची मोठी संस्था आहे. तिचें मूळ रावळपिंडीजवळ चकलाला येथलें, आणि फाळणीच्या वर्षीं, १९४७ सालीं, तें नगरास आलें. राहुरीस १९६८ पासून महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे. यांखेरीज माती, पाणी, खतें तपासणाऱ्या लहानसहान सरकारी प्रयोगशाळा निराळ्याच. राज्याच्या खात्यांचे खरेदीनियम केंद्राहून वेगळे आहेत. पण जुन्या यंत्राचें काय करावें हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो.

अशाच एका लहान प्रयोगशाळेंत कांहीं कामानिमित्त आमचें जाणें झालें. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें मातींतील पालाश मोजण्याचें एक जुनें फ्लेमफोटोमीटर होतें. मातीचा अर्क गॅसच्या ज्योतींत फवारावयाचा. पालाश असेल त्या मानानें ज्योतींत विशिष्ट रंगाचा प्रकाश पडतो. तो मोजला कीं हिशेब लागतो. यंत्राची कळ एका बाजूनें सैल झाली होती आणि तें सकाळीं तापावयास वेळ घेई, परंतु तें खोटें सांगत नसे. त्याच्या जागीं नवें येणार होतें, आणि निविदेंत जुनें परत देण्याचें कलम होतें. जवळच्या एका कृषि तंत्र विद्यालयांतील शिक्षकांनीं हें जुनें यंत्र मुलांना शिकविण्यासाठीं मिळावें म्हणून अर्ज केला होता. तो अर्ज फायलींत होता आणि फाईल टेबलावर होती. विक्रेत्यानें जुन्या यंत्राची जी किंमत धरली होती तींत बुटांचा एक बरा जोड आला नसता.

प्रयोगशाळेचे प्रमुख आमच्या समक्ष त्या शिक्षकांस म्हणाले, “सर, हें तुम्हांस दिलें तर मला दहा ठिकाणीं उत्तर द्यावें लागेल. कंपनीला दिलें तर एकाहि ठिकाणीं नाहीं.”

हे गृहस्थ अप्रामाणिक नव्हते. आमचा अनुभव याच्या उलट आहे. इतका चोख मनुष्य त्या कचेरींत दुसरा नसेल. ते जें बोलले तें खरें होतें, आणि म्हणूनच तें आमच्या मनांतून जाईना. सार्वजनिक वस्तूचा विश्वस्त म्हणून मनुष्यानें कसें वागावें? संशयापासून दूर राहणें हा प्रामाणिकपणाचा सर्व अर्थ आहे काय? ज्या मार्गानें गेलें असतां कोणी बोट दाखवूं शकत नाहीं तोच मार्ग पत्करला, म्हणजे विश्वस्ताचें कर्तव्य संपतें काय?

आधीं या पद्धतीच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें बोललें पाहिजे, कारण तें थोडें नाहीं. सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यांतून वर्षानुवर्षें धूळ खात पडलेलीं कपाटें, यंत्रें आणि पंखे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. निर्लेखनाचा प्रस्ताव वर जातो, शंका घेऊन खालीं येतो, समिति बसते, समितीचा एक सभासद बदलून जातो, आणि यंत्राच्या पोटांत चिमण्या घरटीं करितात. दोन लाख रुपयांहून अधिक किंमतीच्या टाकाऊ मालाची विल्हेवाट जाहीर निविदेनें किंवा लिलावानेंच लावावी असा केंद्राचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण लिलाव करणें हें रसायनशास्त्रज्ञाचें काम नव्हे. परतीच्या कलमानें हें सर्व एका सहीवर संपतें. नवें यंत्र ज्या गाडींतून येतें तिच्याच पाठीवर जुनें जातें, आणि जागा मोकळी होते. ही सोय तुच्छ मानणारा मनुष्य कधीं सरकारी प्रयोगशाळेंत बसला नसला पाहिजे.

तथापि या सोयीची किंमत काय पडते हें पाहूं लागलें म्हणजे ती कोठेंच लिहिलेली सांपडत नाहीं. एक कल्पित उदाहरण घेऊं. एक विक्रेता नव्या यंत्राचे वीस लाख सांगतो आणि जुन्याचे दोन लाख देऊं करितो. म्हणजे अठरा लाख. दुसरा नव्याचे अठरा लाख पंचवीस हजार सांगतो आणि जुन्याचे केवळ दहा हजार; म्हणजे अठरा लाख पंधरा हजार. पहिल्याचा देकार पंधरा हजारांनीं कमी, म्हणून खरेदी त्याच्याकडून होते. आतां जुन्या यंत्राचे दोन लाख खरोखर आले काय? कीं नव्याच्या किंमतींत आधींच वाढवून ठेवलेले पैसे जुन्याच्या नांवानें परत केले? हें त्या विक्रेत्यावांचून कोणासहि सांगतां येणार नाहीं, आणि त्याला कोणी विचारीत नाहीं. दोन खरे आंकडे एकमेकांत मिसळून एक तिसरा आंकडा झाला, आणि फायलीला तोच पुरतो.

कर घेणाऱ्या खात्यानें मात्र या मिसळीस फसावयाचें नाहीं असें ठरविलें आहे. वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत २७ व्या नियमाखालीं एक उदाहरण दिलें आहे. जुना फोन देऊन नवा वीस हजारांस मिळाला, आणि जुना न देतां तोच चोवीस हजारांस मिळत असेल, तर नव्याची किंमत चोवीस हजार धरावयाची. आम्हांस हें उदाहरण मोठें मौजेचें वाटतें. कर घेतांना सरकार आमच्या घरच्या वडील बाईप्रमाणें दोन भाव निरनिराळे मागतें, आणि स्वतः खरेदीस निघालें म्हणजे ‘वर एवढे द्या’ यावर समाधान मानतें! कौटिल्यानें अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत हें पुष्कळांस ऐकून माहीत असतें. पण त्यानेंच कोष्ठागाराच्या जमेचीं सदरें सांगतांना विकत घेतलेलें धान्य एका सदरांत आणि अदलाबदलीनें आलेलें ‘परिवर्तक’ या दुसऱ्या सदरांत घातलें आहे, इकडे फारसें लक्ष जात नाहीं. मोबदला हा खरेदीहून वेगळा व्यवहार आहे एवढें त्या चतुर ब्राह्मणानें ओळखलें होतें.

आणखी एक गोष्ट आहे. ती बारीक आहे, पण सोडून देण्यासारखी नाहीं. आपल्या संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणें सरकारास मिळणारा महसूल एकत्रित निधींत जमा व्हावयाचा आणि कायद्याच्या आधारावांचून त्यांतून पैसा निघावयाचा नाहीं. जुनें यंत्र लिलावांत विकलें तर त्याचा पैसा तिजोरींत जातो. प्रयोगशाळेच्या हातीं कांहीं लागत नाहीं. तेंच परतीच्या कलमानें दिलें तर तिजोरीच्या दारांतून कांहीं आंतहि जात नाहीं व बाहेरहि येत नाहीं. तिच्या अंगणांतल्या अंगणांत तो पैसा खर्च होतो आणि प्रयोगशाळेच्या अनुदानास तेवढा टेंका मिळतो. नियमानें हें मान्य केलें आहे, तेव्हां त्यांत गैर कांहीं नाहीं. पण यामुळें प्रत्येक प्रमुखाचा कल आपोआप एका बाजूस झुकतो, आणि ज्याचा कल झुकलेला आहे त्यालाच ‘द्यावयाचें कीं न द्यावयाचें’ हें ठरविण्यास आपण सांगतों.

मग काय, सर्व जुनीं यंत्रें शाळांना दान करावीं? असें म्हणणारे सज्जन आहेत. त्यांनीं कठोपनिषदाचा आरंभ एकदां आठवावा. नचिकेत्याचा पिता यज्ञांत आपलें सर्वस्व देत होता, आणि त्या सर्वस्वांत ज्या गाई होत्या त्या अशा कीं त्यांचें चरणें संपलें होतें, पाणी पिणें संपलें होतें, दूध आटलें होतें आणि वेत व्हावयाचें राहिलें नव्हतें. देणाऱ्याचें नांव झालें आणि घेणाऱ्याच्या दावणीला ओझें आलें. तें पाहून लहान नचिकेता अस्वस्थ झाला. आमच्या जिल्ह्यांतील एकाहून अधिक विद्यालयांच्या प्रयोगशाळांत अशा गाई आम्हीं पाहिल्या आहेत: दिवा गेलेलीं यंत्रें, ज्यांचे सुटे भाग आतां कोणी करीत नाहीं, भिंगावर बुरशी चढलेले सूक्ष्मदर्शक, आणि त्यांच्या शेजारीं देणाऱ्याच्या नांवाची लखलखीत पाटी. अशा दानापेक्षां भंगारवाला बरा. तो निदान धातु तरी कामीं लावतो.

तेव्हां दान कीं मोड असा हा वाद नव्हे. त्या विशिष्ट वस्तूंत अजून काय शिल्लक आहे, हें पाहण्याची तसदी कोणीं घेतली काय, एवढाच प्रश्न आहे. शिल्लक म्हणजे उपयोगच असें नाहीं. कधीं विष शिल्लक असतें. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशाळेंत कॅनडाहून आणलेलें एक गॅमा-किरणांचें यंत्र होतें. १९८५ पासून तें वापरांत नव्हतें. फेब्रुवारी २०१० मध्यें तें इतर टाकाऊ सामानाबरोबर लिलावांत गेलें. मायापुरीच्या भंगारबाजारांत कामगारांनीं तें फोडलें, आंतील कोबाल्ट उघडें पडलें, कित्येक जण किरणांनीं भाजून इस्पितळांत गेले, आणि एप्रिल महिन्यांत त्यांतील एक जण मरण पावला. लिलावाचा कागद कदाचित् निर्दोष असेल. लिलाव ही सर्वांत उघडी, सर्वांत निःसंशय रीत आहे, आणि त्याच रीतीनें हें घडलें. पंचवीस वर्षें कोपऱ्यांत पडलेल्या त्या पेटीच्या पोटांत काय आहे हें माहीत असलेला मनुष्य लिलावाच्या दिवशीं तेथें नव्हता, किंवा त्याला कोणी विचारलें नाहीं.

परतीच्या कलमाचा खरा गुण या ठिकाणीं दिसावयास पाहिजे. ज्यानें यंत्र केलें त्याला त्याच्या पोटांतलें ठाऊक असतें. पारा कोठें आहे, किरणोत्सर्गी द्रव्य कोठें आहे, हें तो जाणतो. वस्तु करणाराकडेच ती शेवटीं परत जावी यासारखी न्याय्य व्यवस्था नाहीं. पण व्यवहारांत जुनें नेणारा बहुधा करणारा नसतो. तो पुण्यामुंबईचा अडत्या असतो. एका कंपनीचें जुनें घेऊन दुसरीचें नवें देतो, आणि गाडी नगर ओलांडते न ओलांडते तोंच जुन्याचा सौदा वाटेवर करून टाकतो. त्याच्या हातून तें कोठें जातें हें निविदेंत विचारलेलें नसतें. कुळ बदललें, खातें बंद झालें.

याच्या उलट जी एक हकीकत आहे ती महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे, आणि आमच्या जिल्ह्याच्या शिवेला येऊन भिडते. १९५० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधनसंस्थेंत काम करीत होते. सिडनी येथें पॉट्स हिलवर सूर्याचे रेडिओवेध घेण्यासाठीं क्रिस्टिअनसेन यांनीं सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या मांडल्या होत्या. फ्लर्स येथें नवें आणि अधिक चांगलें साधन होऊं घातलें होतें, त्यामुळें या तबकड्यांचें काम संपत आलें होतें. म्हणजे आमच्या १७६ व्या नियमांतील प्रसंग जसाच्या तसा! स्वरूप यांनीं त्या भारतासाठीं मागितल्या, आणि संस्थेनें त्या दिल्या. त्या इकडे आणण्याचा खर्च कोणीं सोसावा या वाटाघाटींत बराच काळ गेला. दानालाहि भाडें लागतें. प्रथम त्या दिल्लीस राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत आल्या, आणि शेवटीं १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनीं कल्याण येथें त्या उभ्या करून सूर्याचे वेध घेतले. त्या जुन्या तबकड्यांवर हात बसलेल्या माणसांनींच पुढें उटकमंडची दुर्बीण केली, आणि मग जुन्नर तालुक्यांत खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण. पारनेर-संगमनेरकडून जुन्नरच्या हद्दींत शिरणाऱ्या प्रवाशास तिच्या कांहीं तबकड्या दुरून दिसतात. सिडनीच्या बाजारांत त्या बत्तीस तबकड्यांची मोड काय आली असती? कांहीं पौंड आले असते, आणि त्या पौंडांची पावती आज कोठें तरी बस्त्यांत असती.

आमच्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, एक गोविंद स्वरूप घेऊन शंभर फ्लेमफोटोमीटरांचा न्याय करितां येत नाहीं. आक्षेप बरोबर आहे. शंभरांपैकीं नव्वद यंत्रें मोडींतच जावयाच्या लायकीचीं असतात, आणि तीं लवकर जावींत. परंतु उरलेलीं दहा कोणतीं हें शंभरांकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं, आणि आमची तक्रार पाहण्याविषयीं आहे. कल्याणच्या तबकड्या वांचल्या त्याला कारण मागणारा मनुष्य आणि देणारा मनुष्य यांची गांठ पडली हें आहे. आमच्या नगरच्या उदाहरणांत तीहि पडली होती! मागणारा दारांत उभा होता, अर्ज फायलींत होता, आणि नियमांत ‘न देण्याची’ मुभाहि होती. नव्हतें तें एवढेंच कीं, ती मुभा वापरली तर ती शहाणपणानें वापरली असें म्हणणारा कोणी वर नव्हता. लेखापरीक्षक येतो तो किती पैसे आले हें विचारतो. वस्तु कोठें गेली हें विचारीत नाहीं. बुटांच्या जोडाएवढी रक्कम कां सोडली असें तो विचारील. तें यंत्र आणखी आठ वर्षें मुलांच्या हाताखालीं चाललें असतें तें कां मोडलें, असें तो विचारणार नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर कधींच द्यावें लागत नाहीं तो प्रश्न स्वतःला विचारीत बसण्याइतकें बळ सामान्य मनुष्याच्या अंगीं नसतें, आणि सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख हा सामान्य मनुष्यच असतो. असावा, असेंहि आम्ही म्हणूं.

म्हणून त्या प्रमुखांस दोष देण्यापेक्षां आम्ही असें सुचवूं कीं, निविदा निघण्यापूर्वीं, किंमतीचा आंकडा कोणाच्याहि डोळ्यांपुढें येण्याआधीं, त्या यंत्रावर काम केलेल्या मनुष्याकडून चार ओळी लिहून घ्याव्या: यंत्र काय करूं शकतें, काय करूं शकत नाहीं, पोटांत काय धोका आहे, आणि जिल्ह्यांत तें कोणास हवें आहे काय. नंतर नव्याची किंमत वेगळी मागवावी आणि जुन्याची वेगळी. पहिला आंकडा फुगविणाऱ्यास दुसऱ्याच्या आड लपतां येणार नाहीं, आणि शाळेस यंत्र दिलें तर सरकारनें नक्की किती रुपये सोडले हें लेखापरीक्षकासहि रोख कळेल. रक्कम लहान असेल तर तो कदाचित् शेरा मारणार नाहीं. मारला तरी त्याला उत्तर असेल.

त्या प्रयोगशाळेंत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां नवें यंत्र आलेलें होतें. तें पांढरें, बंद आणि अगदीं मुकें दिसत होतें. जुनें आदल्या आठवड्यांत गेलें होतें. भिंतीवर त्याच्या आकाराचा एक फिकट चौकोन राहिला होता. भांडारपाल जडवस्तु-संग्रह नोंदवहींत त्याच्या नांवावर तांबडी रेघ ओढीत होते. त्यांच्या शेजारीं एक मळकट, पाठपुठ्ठा सुटलेली वही पडली होती. यंत्राखालच्या खणांत ती सांपडली म्हणाले. बाविसेक वर्षांची होती. गांवाचें नांव, गट नंबर, पालाशाचा आंकडा, आणि अधूनमधून निरनिराळ्या हातांच्या अक्षरांत शेरे: कळ हळूं फिरवावी, पावसाळ्यांत वाचन किंचित् जास्त येतें, ज्योत निळी होईपर्यंत थांबावें.

“ही कोणत्या रजिस्टराला लावूं?” त्यांनीं आम्हांस विचारलें. “खरेदींत हिची नोंद नाहीं, म्हणून खारीजहि करितां येत नाहीं.”

शिक्षकांचा अर्ज अजून त्याच फायलींत होता.